सगळी पुट्टीच आहे ही!

रविवारी सकाळी फ्रिजवर लावायच्या एका लोहचुंबकानं माझी भर पार्किंगमध्ये इभ्रत काढली. आज गुरुवार उजाडला, तरी ते घशाखाली उतरत नाहीये.

गाडी विकायला काढली आहे. सोसायटीला पार्किंग हवंय आणि बायकोला शांतता. गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. नाव ऐकलं नसेल तर तुमचा दोष नाही. नव्वदीच्या शेवटी गोव्यात बनलेली, दोन सीटची, वरचं टप उघडणारी, फायबरच्या बॉडीची. मूळ इंजिन रेनॉचं, 1149 सीसी. ते मी स्वतः कसारा घाटात रेडिएटरमधलं पाणी न बघता गाडी चढवून शिजवलं. मग कुर्ल्याच्या जुन्या पार्टवाल्यांच्या गल्ल्या पालथ्या घालून एस्टीमचं इंजिन आणलं. 1298 सीसी, 85 बीएचपी.

ते बसवायला सहा महिने गेले. इंजिन धरून ठेवणारे माउंट वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्यानं बनवून दिले. एक्सल अर्धा ह्या गाडीचा, अर्धा त्या गाडीचा. वायरिंगचा नकाशा मी डायनिंग टेबलावर काढला. सोल्डरिंग गनचा गोल डाग तिथं अजून आहे आणि पाहुणे आले की बायको नेमकी तेवढीच जागा मोकळी ठेवून ताटं मांडते. आरटीओच्या खेपा घालून नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घेतला, तो वेगळाच. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52, म्हणजे गाडीत केलेल्या बदलांचं, मला आता भीमरूपीसारखं पाठ आहे. घोडबंदर रोडवर रात्री दीड वाजता बुलेटचा सायलेन्सर बदलून फटाके फोडत जाणाऱ्या पोरांना ते कलम कुणी म्हणून दाखवत नाही. पण मी कागद पुढे केले की समोरचा विचारतो, "इंजिन का बदललं? अ‍ॅक्सिडेंट होता का?"

असो. रविवारी एक मुलगा आला. आयटीतला, बरा वाटला. गाडीकडे बघून डोळे चमकले त्याचे. मी मनात आकडा पन्नास हजारांनी वाढवला. तेवढ्यात रिक्षातून मामा उतरले.

"मामांना गाडीतलं सगळं कळतं," भाचा म्हणाला. मामा डोंबिवलीचे, रेल्वेतून निवृत्त, बावीस वर्षं पद्मिनी चालवलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. खिशातून रुमाल काढला, रुमालातून लोहचुंबक काढलं. त्यावर कोल्हापूरची महालक्ष्मी.

जुनी गाडी घेताना ही युक्ती बरेच जण करतात. ठोकलेल्या पत्र्यावर पुट्टी भरलेली असली की तिथं चुंबक धरत नाही. मामांनी चुंबक बॉनेटला लावलं. पडलं. मामांनी वाकून उचललं, कपाळाला लावलं, "चुकलं आई," म्हणाले आणि दाराला लावलं. पडलं. पुन्हा कपाळ, पुन्हा "चुकलं आई". मडगार्ड. पडलं. दुसरं दार. पडलं.

"मामा, फायबर आहे ती," मी म्हणालो.

"पुट्टीला आजकाल फायबर म्हणतात होय?"

"अहो नाही, बॉडीच फायबरची. कारखान्यातनंच."

"कारखान्यातच ठोकली होती?"

सायकलवाली दोन पोरं थांबली. वॉचमन खुर्ची घेऊन आला. आमच्या वॉचमनला पाण्याचा टँकर आला तरी खुर्चीतून उठवत नाही, पण त्या दिवशी स्वतःहून खुर्ची उचलून आला!

मामांनी डिकीही सोडली नाही. गाडीभोवती जवळजवळ एक प्रदक्षिणा झाली, डावीकडून उजवीकडे, विधीला धरून. देवी अकरा वेळा पडली. बारावी खेप बॉनेट उघडून इंजिनावर. आता हे माझं दुर्दैव बघा: एस्टीमच्या इंजिनाचा ब्लॉकसुद्धा अ‍ॅल्युमिनियमचा. लोहचुंबक तिथून जे घरंगळलं ते थेट बॅटरीच्या फटीत.

मामा सरळ उभे राहिले. भाच्याकडे वळून, अतिशय हळू आवाजात, घरात कुणी गेल्यासारखं म्हणाले, "अरे, इंजिन पण पुट्टीचं आहे."

मी चेसिसबद्दल सांगायला गेलो. चेसिस अस्सल लोखंडी आहे, पण ते बघायला गाडीखाली आडवं व्हावं लागतं आणि मामांचा उजवा गुडघा ऑपरेशनचा. चाकं दाखवली, ती अलॉयची. नंबरप्लेटही अ‍ॅल्युमिनियमची निघाली. मला स्वतःलाच शंका यायला लागली होती. शेवटी डिकीतला जॅक काढून दिला. खट्! चिकटली. मामांचा चेहरा उजळला. "हा ओरिजिनल आहे," ते म्हणाले. "ह्याचे किती?"

भाचा तोवर स्टिअरिंगवर बसून आरशात केस सारखे करत होता. मी चावी दिली, म्हटलं चालू तरी कर. पहिल्याच झटक्यात चालू झाली, आवाजही सुरेख. त्या आवाजासाठी मी सहा महिने घातलेत. मामा म्हणाले, "आवाज मोबाईलमधनं पण येतो."

मग भाव. "भंगाराच्या भावानं तरी घेतली असती," मामा मला समजावत होते, आणि खरोखर कळकळीनं, हे जास्त लागलं. "पण भंगारवाला पैसे लोखंडाचे देतो. हिच्यात लोखंडच नाही. तुम्हाला फसवलं कुणी तरी."

रात्री साडेनवाला भाच्याचा फोन. मी वरच्या पन्नास हजारांचा हट्ट मनातल्या मनात सोडून फोन उचलला.

"काका, मामांची देवी तुमच्या जॅकला राहिलीये. उद्या डोंबिवलीला आणून द्याल का?"

म्हटलं, आणतो. नाही तरी गाडी जरा फिरवायचीच आहे.

मागून मामांचा आवाज आला: "त्यांना सांग, लोकलनं या. त्या गाडीत देवी नको."