मुआम्बाच्या नावाने फिरणारा तो मेसेज कृपा करून पुढे ढकलू नका

आधी नेरूळच्या सोसायटी ग्रुपवर आला, मग नातेवाइकांच्या ग्रुपवर, आणि काल तोच मेसेज वाचून वहिनींनी पुतण्याचं टर्फवरचं कोचिंग बंद केलं. आता गप्प बसवत नाही म्हणून लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा: इंग्लंडच्या बोल्टन क्लबचा फुटबॉलपटू फॅब्रिस मुआम्बा मॅचमध्ये कोसळला, 78 मिनिटं मेलेला होता, डॉक्टरांनी हात टेकले, निव्वळ प्रार्थनेने उठला आणि परत खेळायला लागला. लसीमुळे असे प्रकार वाढलेत, मुलांचा फुटबॉल बंद करा, नाहीतर एकदा ईसीजी काढा, नॉर्मल आला की आयुष्यभर निश्चिंत. आणि कोणी पडलाच तर छाती दाबू नका, बरगड्या मोडतात, कांदा नाहीतर चप्पल हुंगवा, पाणी पाजा.

लसीचं आधी उरकतो. तो पडला 17 मार्च 2012 ला. कोविडच्या लसी आल्या 2020 च्या शेवटी. संपलं.

78 मिनिटं हा आकडा खरा आहे, तेवढं मान्य. लोकांनी प्रार्थना केल्या हेही खरं, तो स्वतः श्रद्धाळू आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण डॉक्टरांनी हात टेकले हे साफ खोटं. टॉटनहॅम क्लबच्या मैदानावर एफए कप या इंग्लंडच्या स्पर्धेची क्वार्टर फायनल, स्कोर 1-1, 41 वं मिनिट, आणि 23 वर्षांचा हा पोरगा आजूबाजूला कोणी नसताना तोंडावर पडला. टीमचे डॉक्टर धावले, प्रेक्षकांत बसलेले हृदयरोगतज्ज्ञ अँड्र्यू डीनर सिक्युरिटीला पटवून मैदानात उतरले, छाती दाबणं सुरू झालं ते हॉस्पिटलपर्यंत थांबलं नाही. हृदय सुरू करायला विजेचे शॉक एकूण 15 दिले, दोन मैदानात, एक टनेलमध्ये, बाकीचे अँब्युलन्समध्ये. हृदय स्वतःहून चालत नव्हतं तेव्हा त्या हातांनी मेंदूला रक्त पोचवलं, आणि मेसेज नेमकं तेच करू नका म्हणतोय!

हा सल्ला एखाद्याचा जीव घेईल. हृदय अचानक थांबलं की काही जणांच्या अंगाला झटके येतात, तोंडातून अधूनमधून घरघरल्यासारखा श्वास येतो, लांबून बघणाऱ्याला वाटतं फिट आली, मग चप्पल शोधायला पळतात आणि हातातली मिनिटं जातात. दर मिनिटाला वाचायची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घसरते. बेशुद्ध माणसाला पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जातं. हाक मारून हलत नाही, श्वास नीट नाही, की एकाने 108 लावायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबायला लागायचं, मोठ्या माणसाला पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. बरगडी मोडते कधीकधी, हो. ती नंतर जुळते.

परत खेळला, हेही नाही. महिन्याभराने घरी गेला, छातीत डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला शॉक देणारं छोटं यंत्र, बसवलं, बेल्जियममध्ये अजून एका तज्ज्ञाला दाखवलं आणि ऑगस्ट 2012 मध्ये, 24 व्या वर्षी, निवृत्त झाला. किन्शासात जन्मलेला, 11 व्या वर्षी इंग्लंडला आलेला, आर्सेनलच्या अकॅडमीत शिकून बर्मिंगहॅम आणि मग बोल्टनच्या मिडफिल्डमध्ये पाय रोवलेला, इंग्लंडच्या अंडर-21 संघाकडून 33 मॅच खेळलेला खेळाडू. एवढं करिअर सोडावं लागलं त्याला, आणि तुम्ही ‘परत खेळायला लागला’ लिहून मोकळे.

राहिला ईसीजी. 2018 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये इंग्लंडच्या 11,168 किशोरवयीन फुटबॉलपटूंचा अभ्यास आला. ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) दोन्ही केलेले. 42 जणांत घातक ठरू शकणारा आजार सापडला, म्हणजे तपासणीचा उपयोग आहेच. पण पुढे हृदयविकाराने जे 8 जण अचानक गेले त्यातल्या 6 जणांचे रिपोर्ट नॉर्मल होते. आयुष्यभर निश्चिंत कसले? खेळताना चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, यातलं काही असेल तर रिपोर्ट कवटाळून न बसता डॉक्टर गाठा.

वहिनींना मी सांगितलंय, पोराला सोमवारपासून पाठवा, आणि टर्फवाल्याला विचारा शॉक द्यायचं मशीन आहे का, कोचला सीपीआर, म्हणजे वर सांगितलं तसं छाती दाबणं, येतो का. नाही म्हणाला तर सगळ्या पालकांनी मिळून मागणी लावून धरा, फी आपण भरतो.