‘रेसिड्यू’ म्हणजे गाळ नव्हे: मृत्युपत्रातला शब्द खोडण्याआधी

गेल्या आठवड्यात माझ्या थोरल्या मावशीचा फोन आला. तिने आपल्या मृत्युपत्रातल्या एका शब्दावर पेनाने रेघ ओढून वर दुसरा शब्द लिहिला होता आणि तो नीट लिहिला आहे की नाही, हे मी येऊन पाहावे असे तिचे म्हणणे होते. मावशी ब्याऐंशी वर्षांची आहे. काका जाऊन बारा वर्षे झाली, मूलबाळ नाही, आणि वकिलांकडून इंग्रजीत करून घेतलेले ते मृत्युपत्र कपाटात आहे या एका भरवशावर ती रात्री निर्धास्त झोपते. त्या कागदाला हात लावायला तिला भाग पाडले ते नातेवाइकांच्या गटांतून फिरत आलेल्या एका व्हॉट्सॲप संदेशाने. मी बरीच वर्षे इंग्रजी दस्तऐवजांची मराठी भाषांतरे करते आणि हा संदेश त्याआधी दोनदा वाचून सोडून दिला होता. तेव्हाच उत्तर दिले असते तर बरे झाले असते.

संदेशाचे म्हणणे असे: इंग्रजीत ‘रेसिड्यू’ म्हणजे गाळ, टाकाऊ उरलेसुरले, आणि ‘रिमेंडर’ म्हणजे मोजून उरलेले चांगले, म्हणून मृत्युपत्रात ‘रेसिड्यू ऑफ माय इस्टेट’ एखाद्याच्या नावे लिहिला असेल तर त्याला घरातल्या भंगारापलीकडे काही मिळत नाही, बाकीची मिळकत सरकारजमा होते, हा शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानी माणसाला हिणवण्यासाठी कायद्यात घातला, गणितातसुद्धा भागाकारात उरते ते ‘रिमेंडर’च, तेव्हा ते वाक्य आजच काळ्या शाईने पूर्ण झाकून ‘रिमेंडर’ लिहावे.

यात अर्धे सत्य आहे, ते आधी मान्य करते. रोजच्या इंग्रजीत ‘रेसिड्यू’ हा शब्द बहुधा नकोशा वस्तूंच्या संगतीत भेटतो: भाजीवर राहिलेला कीटकनाशकाचा अंश, लेबल काढल्यावर बाटलीला चिकटून राहिलेला गोंद, जाळल्यावर भांड्याच्या तळाशी राहिलेली राख. उरलेल्या दिवसाला, उरलेल्या प्रवासाला इंग्रज माणूस बोलताना ‘रिमेंडर’ म्हणतो. पण हा फरक चांगल्या-वाईटाचा नाही. ‘रेसिड्यू’ लॅटिनमधल्या ‘मागे बसून राहणे’ या क्रियापदावरून आला, ‘रिमेंडर’ ‘मागे थांबणे’ या क्रियापदावरून, आणि घाण दोन्हींच्या मुळात नाही. जाळणे, गाळणे, वजा करणे अशी एखादी क्रिया पूर्ण झाल्यावर जे राहते ते ‘रेसिड्यू’. एका अखंड गोष्टीतला काही भाग बाजूला काढल्यावर जो भाग राहतो तो ‘रिमेंडर’. उरलेली वस्तू मोलाची की टाकाऊ, हे त्या वस्तूवर ठरते. १६११च्या इंग्रजी बायबलात ईश्वर आपल्या उरलेल्या प्रजेचा वैभवशाली मुकुट होईल असे वचन आहे आणि तिथे उरलेल्या प्रजेसाठी ‘रेसिड्यू’ हाच शब्द आहे. उलट इंग्रजी पुस्तकव्यवसायात न खपलेल्या, मातीमोलाने काढून टाकलेल्या प्रतींना ‘रिमेंडर’ म्हणतात.

आता मृत्युपत्र, कारण नुकसान तिथे आहे. माणूस मरतो तेव्हा त्याच्या मिळकतीतून आधी अंत्यविधीचा खर्च आणि देणी भागवली जातात, मग नावे घालून दिलेल्या वस्तू आणि रकमा ज्याच्या त्याला दिल्या जातात. ही सगळी वजावट झाल्यावर जे राहते ते ‘रेसिड्यू’. मराठी मृत्युपत्रांत आपण त्याला ‘उर्वरित मिळकत’ म्हणतो. विदर्भ आणि मराठवाडा वगळल्यावर राहतो त्या उर्वरित महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नाशिक आणि कोल्हापूर येतात; त्या ‘उर्वरित’ शब्दाचा अर्थ गाळ असा कुणी घेत नाही.

या बाबतीत १९२५चा भारतीय वारसा कायदा इतका स्पष्ट आहे की संदेश लिहिणाऱ्याने त्याची दोन कलमे वाचली असती तरी हे सगळे टळले असते. कलम १०२ सांगते की उर्वरित मिळकतीचा धनी नेमण्यासाठी ठरावीक शब्द लागत नाहीत, तशी इच्छा दाखवणारे कोणतेही शब्द पुरतात. तिथल्या एका उदाहरणात मृत्युपत्र करणारा म्हणतो की माझ्या पेढीवरल्या पैशातून अमुक बाईने माझी देणी फेडावीत आणि राहील तो ‘रेसिड्यू’ स्वतःच्या उपभोगासाठी ठेवावा. कायदा तिला उर्वरित मिळकतीची धनीण मानतो. कलम १०३चे उदाहरण तर मावशीला मी फोनवर दोनदा वाचून दाखवले. एका माणसाने काही देणग्या लिहिल्या आणि ‘रेसिड्यू’ दुसऱ्या एकाच्या नावे केला. त्या देणग्यांपैकी एक कायद्याने रद्द ठरली आणि दुसरी घेणारा आधीच वारल्यामुळे बुडाली. शिवाय मृत्युपत्र केल्यानंतर त्या माणसाने एक जमीनदारी विकत घेतली. कायदा म्हणतो की त्या दोन्ही देणग्या आणि ती जमीनदारी, सगळे ‘रेसिड्यू’च्या धन्याला मिळते. ज्या शब्दाला भंगार म्हणून हिणवले, त्याच्या पोटात कायद्याने अख्खी जमीनदारी घातलेली आहे. मृत्युपत्रात ज्याची दुसरी काही परिणामकारक व्यवस्था नाही ते सगळे या एका शब्दात येते, आणि म्हणून जाणता वकील तो वगळत नाही.

मग ‘रिमेंडर’ लिहिले तर काय बिघडते? पुष्कळदा काहीच नाही. अमेरिकी मृत्युपत्रांत ‘रेस्ट, रेसिड्यू अँड रिमेंडर’ असे तिन्ही शब्द एकाच वाक्यात, एकाच अर्थाने ओळीने लिहिण्याची जुनी रीत आहे. संदेशाने ज्यांना एकमेकांचे वैरी ठरवले ते तिथे शेजारी शेजारी बसतात. परंतु इंग्रजी जमीनकायद्यात ‘रिमेंडर’ला एक वेगळा, नेमका अर्थ आहे: एखादी मिळकत कुणाला त्याच्या हयातीपुरती दिली, तर त्याच्यामागे ती ज्याच्याकडे जायची त्याचा हक्क म्हणजे ‘रिमेंडर’. मावशीच्या मृत्युपत्रात नेमकी अशीच रचना आहे. राहते घर माझ्या धाकट्या मावशीला तिच्या हयातीपर्यंत, तिच्यामागे तिच्या मुलाला; आणि शेवटच्या परिच्छेदात ‘रेसिड्यू’ माझ्या मामेबहिणीला, जी दर आठवड्याला तिची औषधे भरून देते. त्या शेवटच्या परिच्छेदात ‘रिमेंडर’ लिहिले की उद्या कुणीही विचारू शकतो की हे एकंदर उर्वरित मिळकतीबद्दल आहे की घराच्या हयातीनंतरच्या हक्काबद्दल. कलम ७४प्रमाणे पारिभाषिक शब्दांपेक्षा मृत्युपत्र करणाऱ्याचा हेतू महत्त्वाचा असल्यामुळे न्यायालय बहुधा योग्य तोच अर्थ लावील. पण जिथे वाद नव्हता तिथे तो कशासाठी निर्माण करायचा?

इंग्रजांनी हिणवण्यासाठी शब्द घातला, या मुद्द्याला फार वेळ देत नाही. ‘रेसिड्यू’ हा शब्द इंग्रज लोक स्वतःच्या मृत्युपत्रांतही लिहीत आले आहेत, आणि वारशाचा १८६५चा पहिला कायदा हिंदूंना आणि मुसलमानांना लागूच नव्हता. आपल्या राज्यघटनेच्या २४८व्या अनुच्छेदात संसदेला जे अवशिष्ट, म्हणजे कोणत्याही सूचीत न आलेल्या विषयांवरचे, अधिकार दिले आहेत, त्यांचे इंग्रजी नावही याच शब्दापासून बनले आहे. गणिताचे म्हणाल तर १७ला ५ने भागल्यावर उरणाऱ्या २ला ‘रिमेंडर’ म्हणतात हे खरे, पण जर्मन गणिती गाउसने १८०१च्या आपल्या ग्रंथात ज्यांवर संख्या-सिद्धांताचा एक मोठा भाग उभा केला ते भागाकाराशीच नाते असलेले ‘रेसिड्यू’च होत.

सरकारजमा होण्याची भीती आणि खोडण्याचा सल्ला हे दोन मुद्दे एकत्र घ्यायला हवेत, कारण पहिल्याने घाबरलेला माणूस दुसरा लगेच अमलात आणतो. मृत्युपत्रात एखाद्या मिळकतीची व्यवस्था नसेल तर ती वारसांकडे जाते. सरकारकडे ती फक्त एकही वारस नसेल तेव्हा जाते. पण कोणत्या वारसांकडे, हे मावशीसारख्या बायकांनी समजून घ्यायला हवे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५प्रमाणे नवरा हयात नसलेल्या, मूलबाळ नसलेल्या स्त्रीची स्वकष्टाची मिळकत मृत्युपत्राअभावी आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या माहेरच्यांचा क्रमांक त्यानंतर येतो. म्हणजे शेवटचा परिच्छेद नाहीसा झाला असता तर मावशीच्या बँकेतल्या ठेवी काकांच्या पुतण्यांकडे गेल्या असत्या आणि तिची सेवा करणाऱ्या भाचीला काही मिळाले नसते.

परिच्छेद नाहीसा होतो कसा, ते १९२५च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम ७१मध्ये आहे. मृत्युपत्र पुरे झाल्यावर त्यात केलेली खाडाखोड किंवा वर लिहिलेला शब्द, त्या बदलाशेजारी पुन्हा सही आणि साक्षीदारांच्या सह्या झाल्याखेरीज परिणामकारक ठरत नाही. याला अपवाद एकच: मूळ शब्द किंवा त्यांचा अर्थ कळेनासा झाला असेल तर तेवढा मजकूर गेला. संदेश काळ्या शाईने ‘पूर्ण’ झाकायला सांगतो, म्हणजे कायद्याने ज्या एका प्रकारे सहीशिवायही मजकूर मरतो नेमका तोच प्रकार सांगतो, आणि त्यावर लिहिलेला ‘रिमेंडर’ मात्र सह्यांअभावी उभा राहत नाही. जुने गेले आणि नवे आले नाही, अशा अवस्थेत कागद राहतो. हा संदेश लिहिणाऱ्याचा हेतू मला ठाऊक नाही, पण यापेक्षा घातक सल्ला वृद्ध माणसाला देता येणे कठीण आहे.

मी रविवारी जाऊन कागद पाहिला. मावशीची रेघ निळ्या पेनाची आणि बारीक आहे, तिच्याखालचा ‘रेसिड्यू’ स्वच्छ वाचता येतो, म्हणून मूळ मजकूर कायम आहे. तरीही शंका राहू नये यासाठी वकिलांनी तेच शब्द ठेवून नवे मृत्युपत्र तयार केले आहे आणि येत्या शनिवारी ती दोन साक्षीदारांसमोर त्यावर सही करणार आहे. ज्यांच्या घरी हा संदेश पोचला आहे त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांचा कागद एकदा उघडून पाहावा. शब्द खोडला असला तरी वाचता येत असेल तर त्याला आणखी हात लावू नये. शाईने झाकून टाकला असेल तर ते माणूस हयात आणि स्वस्थचित्त असतानाच नवे मृत्युपत्र करून घ्यावे, आणि त्यात वकिलांनी ‘रेसिड्यू’ लिहिले तर ते तसेच राहू द्यावे.