पॉवर मिळाल्यानंतरची पहिली दहा मिनिटं

सुपरहिरोच्या पिक्चरमध्ये मी वाट बघते ती पॉवर मिळाल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांची, शेवटची मारामारी चुकली तरी चालेल मला. कालपर्यंत ज्याची कॉलर धरायचे तो पोरगा आज नुसता हात झटकतो आणि समोरचा भिंतीवर जाऊन आपटतो, तेव्हा थिएटरात ज्या शिट्ट्या पडतात ना, त्या ज्याने त्याने स्वतःसाठी मारलेल्या असतात. प्रत्येकाच्या डोक्यात कोणीतरी एक माणूस असतोच ज्याला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं.

याला बालिश म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. ह्या गोष्टी रचल्या कोणी ते तरी बघा. सुपरमॅन १९३८ मध्ये छापून आला, पण जेरी सीगल आणि जो शुस्टर ही क्लीव्हलंडमधली दोन पोरं महामंदीच्या दिवसांपासून त्याच्या मागे लागलेली, आणि शेवटी हक्क १३० डॉलरला देऊन बसली. शझॅमवाला बिली बॅट्सन १९४० च्या कॉमिकच्या अंकातला, अनाथ, पेपर विकणारा मुलगा, 'शझॅम' हा एक शब्द उच्चारला की वीज कोसळते आणि तो मोठा माणूस होतो. मोठा माणूस! ज्याचं कोणीच ऐकत नाही त्या मुलाला अजून काय हवं असतं?

मला वाटतं आपल्याला ताकद हवी असते त्यापेक्षा जास्त तिच्या आधीचा मधला काळ नको असतो, ती सगळ्यांसमोर चुकण्याची, हसं होण्याची वर्षं. म्हणून तर ट्रेनिंग एका गाण्यात उरकलेलं आपल्याला चालतं. पण 'द मेट्रिक्स' (१९९९) बघा, त्यातल्या हिरोच्या, नीओच्या डोक्यात कुंग फू थेट भरतात, तो खुशीत उठतो आणि लगेच त्याच्या गुरूकडून, मॉर्फियसकडून मार खातो, पहिल्या उडीत तर सरळ खालीच पडतो. म्हणजे सगळं काही तासांत मिळालं पण विश्वास नाही मिळाला, तो त्याचा त्यालाच कमवायला लागला. असं दाखवलं की मला तो माणूस आपला वाटतो.

हल्ली बऱ्याच पिक्चरमध्ये हा भाग दोन जोक मारून संपवतात आणि लगेच जग वाचवायला पाठवतात, तिथे माझं मन उडतं. अरे त्या पोराला आधी स्वतःसाठी काहीतरी करू दे की! स्पायडरमॅनच्या १९६२ च्या पहिल्या गोष्टीत पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन होणारा पोरगा, पॉवर मिळाल्यावर कुस्ती खेळून पैसे मिळवतो, टीव्हीवर जातो, समोरून चोर पळतो तर अडवत नाही, मला काय त्याचं, आणि पुढे तोच चोर त्याच्या काकांना मारतो. इतक्या वर्षांत ज्याला कोणी विचारलं नाही तो असंच वागणार ना, मी पण वागले असते. ती गोष्ट लिहिणाऱ्या स्टॅन लीने आणि चित्रं काढणाऱ्या स्टीव्ह डिट्कोने हे सगळं अकरा पानांत बसवलंय, आणि आता अडीच तासांच्या पिक्चरला त्यासाठी वेळ मिळत नाही.