बाई, पर ह्ये धाडलंय कुणी?

आज मधल्या सुट्टीत चौथीतल्या एका पोराची आई शाळेत आली. हातात मोबाईल, डोळ्यांत पाणी. काल पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिष्यवृत्तीची लिंक आली होती, 'आजच शेवटची तारीख'. तिनं फॉर्म भरला. पैसे जमा होण्यासाठी पिन टाका म्हटलं, टाकला. ४,८०० रुपये गेले. सोळा-सतरा दिवसांची खुरपणी.

आणि लिंक टाकली कुणी? आमच्याच एका शिक्षकानं. तंत्रस्नेही म्हणून प्रमाणपत्र मिळालेल्या.

तेव्हापासून मला एक मावशी आठवतायत. साठी ओलांडलेल्या, 'उल्लास'च्या साक्षरता वर्गाला यायच्या. १७ मार्च २०२४ च्या परीक्षेआधी सराव म्हणून मी त्यांना माझ्या फोनवरचा एक फॉरवर्ड वाचायला दिला. बोट ठेवून, एकेक अक्षर लावत त्यांनी तो पुरा केला. मी शाबास म्हणणार तोच त्यांनी विचारलं, "बाई, पर ह्ये धाडलंय कुणी?"

मला सांगता आलं नाही.

त्यांचे मालक मुंबईला होते. मनीऑर्डर आली की पोस्टमन वाचून दाखवायचा आणि या अंगठा उठवायच्या. पण आधी विचारायच्या, कुणाची आली? अक्षर येत नव्हतं तेव्हाही ही रीत त्यांना ठाऊक होती. आणि आम्ही? डीएड, बीएड, कुणी एमए. 'शासनाचा मोठा निर्णय' एवढं दिसलं की बोट थेट फॉरवर्डवर. खाली ना सही, ना जावक क्रमांक, ना तारीख. कागदावर असं परिपत्रक आलं असतं तर आपणच परत पाठवलं असतं ना?

कामाचा बोजा आहे, मान्य. यू-डायस, सरल या सरकारी पोर्टलांवर शाळेची नि मुलांची माहिती, पोषण आहाराची माहिती, प्रत्येक उपक्रमाचे फोटो. मीही रात्री अकराला भरत बसते. पण लिंक पुढे ढकलायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात वरचा पत्ता वाचून होतो.

आम्हाला प्रशिक्षणं मिळाली ती ॲप उतरवायची, क्यूआर कोड स्कॅन करायची. पैसे घेताना यूपीआय पिन लागतच नाही, हे एक वाक्य पालकसभेत कुणी सांगितलं? मीही नाही सांगितलं. त्या बाईसमोर बसले होते तेव्हा हेच खुपत होतं. जनगणनेत साक्षर कोण? सात वर्षांचा किंवा त्याहून मोठा, कोणत्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येणारा. 'समजून' हा शब्द तिथंच लिहिलाय. मावशींच्या परीक्षेत वाचनाला ५० गुण होते, लेखनाला ५०, संख्याज्ञानाला ५०. त्या प्रश्नाला गुण नव्हते.

त्या शिक्षकाचा राग आला होता, खरं सांगते. पण दुपारी तो स्वतःच त्या बाईजवळ येऊन बसला, मान खाली घालून. चांगलं व्हावं म्हणूनच टाकली होती त्यानं. पालकांनी भरली तीही त्याचमुळे, गुरुजींनी पाठवलंय म्हणून. कुणी धाडलंय याचं उत्तर त्यांच्यापुरतं आम्ही होतो.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्यानंच फोन लावून दिला, तक्रार नोंदवली, बँकेतही तोच तिला घेऊन गेला. मी ग्रुपवरून लिंक काढायला सांगितली आणि प्रत्येक पालकाला फोन करत बसले. बेचाळीस झाले. सात जणांचे फोन लागत नाहीत, उद्या सकाळी शाळेआधी त्यांच्या घरी जाऊन येते.