टायसनचा ठोसा, १८०० पीएसआय आणि इतर भाकडकथा

घरच्या ग्रुपवर येणाऱ्या फॉरवर्डना मी उत्तर देत नाही. सकाळी हळद, दुपारी नासा, रात्री शिवरायांच्या नावावर खपवलेली वाक्यं. कुठे कुठे पुरे पडणार? पण हा फॉरवर्ड भाच्याने टाकला. वय पंधरा, नुकताच बॉक्सिंगच्या क्लासला जायला लागलाय. आणि खाली त्याची स्वतःची ओळ: "मामा, म्हणूनच मी सरांना म्हटलं, जॅब नको, डायरेक्ट हूक शिकवा." (जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा; हूक म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला.) आता बोलणं भाग आहे.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. १९८८ सालचा माइक टायसन आज रिंगमध्ये उतरला तर टायसन फ्युरी, अँथनी जोशुआ आणि ओलेक्सांद्र उसिक या हल्लीच्या तिन्ही हेवीवेट बॉक्सरांना एकाच रात्री झोपवेल. कारण त्याच्या ठोशाचा जोर १८०० पीएसआय होता. कारण ऐन भरात तो कधी हरलाच नाही, आणि टोकियोत झाली ती रेफरीची लबाडी. कारण त्याच्यासमोर उंचीचा उपयोग नसतो. आणि कारण आजचे बॉक्सर नुसते जॅब मारतात आणि मिठ्या मारतात.

आधी तो पीएसआय. हा आकडा इतक्या आत्मविश्वासाने फिरतोय की जणू टायसनच्या जन्मदाखल्यावरच छापलेला आहे. पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड दाब. टायरची हवा मोजतात ती यात. म्हणजे ग्लोव्हचा किती भाग तोंडावर टेकला हे सांगितल्याशिवाय त्या १८०० ला काही अर्थच नाही. बरं, अगदी कंजूषपणे सहा चौरस इंच धरू. १८०० गुणिले सहा, १०,८०० पौंड. जवळजवळ पाच टन! थोराड हत्ती गालावर बसला की जेवढं होईल, तेवढं. टायसनचे ठोसे खाऊन माणसं बाराव्या फेरीपर्यंत उभी राहिली आहेत, त्यांच्यावर हत्ती बसला होता असं मानायचं का?

खरं मोजमाप उपलब्ध आहे. १९८५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा शोधनिबंध आला. त्या संशोधकांनी फ्रँक ब्रुनो या ब्रिटिश हेवीवेटला, म्हणजे तेव्हाच्या जागतिक क्रमवारीतल्या व्यावसायिक बॉक्सरला, यंत्रं बसवलेल्या आणि गादी लावलेल्या टांगत्या वजनावर ठोसा मारायला लावला. मूठ आदळतानाचा वेग सेकंदाला ८.९ मीटर, आणि सर्वोच्च बल ४०९६ न्यूटन. किलोत सांगायचं तर सव्वाचारशेच्या आत. माणसाच्या डोक्यावर हाच ठोसा ६३२० न्यूटनपर्यंत जाईल, असा त्यांचा हिशोब होता. तोही साधारण साडेसहाशे किलो. मेंदू हलवायला हे भरपूर आहे, पाच टनांची गरज नाही.

आणि हा ब्रुनो म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. २५ फेब्रुवारी १९८९ ला लास व्हेगासमध्ये तो टायसनशीच लढला. पाचव्या फेरीत लढत थांबवली गेली, टायसन जिंकला. पण पहिल्याच फेरीत ब्रुनोच्या डाव्या हूकने टायसन डळमळला होता, चित्रफीत बघा. म्हणजे ज्याचा ठोसा मोजला गेलाय, त्याच माणसाने फॉरवर्डमधल्या अजिंक्य टायसनचे पाय सैल केले होते. टायसनचा ठोसा ब्रुनोच्या दुप्पट होता असं उदारपणे मान्य केलं, तरी १८०० पीएसआयच्या जवळपास आपण पोहोचत नाही.

टायसन घातक होता तो आकड्यामुळे नाही. त्याचा गुरू कस डी'अमाटो याने त्याला दोन्ही मुठी गालाशी धरून, डोकं सतत हलवत, समोरच्याच्या जॅबखालून आत शिरायला शिकवलं होतं. आत शिरला की उजवा हूक बरगडीत, आणि त्याच हाताचा अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, हनुवटीखाली. पहिला ठोसा अडवायला कोपर खाली आलं की दुसऱ्याला वाट मोकळी. आता भाच्याला विचारायचंय, ही सगळी विद्या कशाभोवती फिरते? जॅबभोवती. तो चुकवायचा कसा आणि आपला टाकून अंतर तोडायचं कसं, यावरच सगळं उभं आहे. १९८६ ते ८८ च्या टायसनचा स्वतःचा जॅब चांगला होता, हे कुणी रीलमध्ये दाखवत नाही, कारण त्यात कुणी पडत नाही. जॅब न शिकता हूक मारत आत जाणारं पंधरा वर्षांचं पोर टायसन होत नाही, त्याचं नाक फुटतं. हूक मागू नकोस असं नाही. पण सर आधी जॅब शिकवत असतील तर ते तुझ्या आणि माझ्यापेक्षा शहाणे आहेत.

"ऐन भरात कधी हरला नाही." इथली युक्ती बघा. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसने त्याला दहाव्या फेरीत झोपवलं, तेव्हा टायसन तेवीस वर्षांचा होता. तेवीस! पण हरला ना, मग भर त्याच्या आदल्या दिवशी संपला. या हिशोबाने जगात ऐन भरात कुणीच हरत नाही. थोडं मान्य करतो: त्याचा प्रशिक्षक केविन रूनी याला १९८८ मध्येच काढून टाकलं होतं आणि टोकियोतला कोपरा, म्हणजे फेऱ्यांमध्ये त्याची देखभाल करणारी माणसं, इतका कच्चा होता की डोळ्याची सूज उतरवायला रबरी हातमोज्यात थंड पाणी भरून लावत होते. १९९६ चा होलीफील्डकडून आणि २००२ चा लेनॉक्स लुईसकडून झालेला पराभव मी हिशोबात धरतच नाही. मधे तुरुंग होता. २०२४ ला अठ्ठावन्नाव्या वर्षी यूट्यूबर जेक पॉलकडून हरला तो तर मुद्दाच नाही.

रेफरीची लबाडी म्हणाल तर आठव्या फेरीत डग्लस पडला आणि रेफरीची मोजणी टाइमकीपरच्या मागे होती, हे खरं. पण पडलेला बॉक्सर रेफरीचे आकडे ऐकतो आणि डग्लस दहाच्या आत, नऊवर उठला. त्यानंतर दोन फेऱ्यांनी टायसन जमिनीवर माउथपीस, म्हणजे दातांवरचं रबरी कवच, शोधत होता. ती मोजणी कुणाची चुकली?

उंचीचा मुद्दा मात्र बघण्यासारखा आहे, कारण त्याचं उत्तर टायसनच्या ऐन भरातच मिळतं. तो स्वतः जेमतेम पाच फूट दहा इंच, हातांची पोच ७१ इंच. मे १९८६ मध्ये सहा फूट पाच इंचांचा मिच ग्रीन दहाही फेऱ्या टिकला. मार्च १९८७ ला बोनक्रशर स्मिथ बारा फेऱ्या त्याला कवटाळत उभा राहिला. ऑगस्टमध्ये सहा फूट पाचचा टोनी टकरही बारा फेऱ्या टिकला. टायसन तिन्ही जिंकला, पण झोपवलं कुणालाच नाही. उंच, लांब हातांचा, मिठी मारायला न लाजणारा माणूस त्याला जड जायचाच. फ्युरी सहा फूट नऊ, पोच ८५ इंच, आणि अमेरिकन हेवीवेट वाइल्डरशी तिसऱ्या लढतीत वजन २७७ पौंड. स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवताना टायसन होता २१८ पौंडांचा. या सव्वीस-सत्तावीस किलोंच्या फरकाचं ओझं क्लिंचमध्ये, म्हणजे त्या मिठीत, बारा फेऱ्या मानेवर घ्यायचं आहे.

तरी फ्युरीला पाडता येतं, हे नाइलाजाने कबूल. २०१३ मध्ये हेवीवेटच्या खालच्या क्रूझरवेट गटातून आलेल्या स्टीव्ह कनिंगहॅमने पाडला, २०२३ मध्ये पहिलीच बॉक्सिंग लढत लढणाऱ्या फ्रान्सिस एनगानूने पाडला. आणि २०१९ ला सहा फूट दोनच्या, गोलमटोल अँडी रुईझने जोशुआला सातव्या फेरीत संपवलं, तेही आखूड, वेगवान हातांनीच. जोशुआविरुद्ध मी टायसनवर पैसे लावेन. फ्युरीशी पहिल्या तीन-चार फेऱ्यांत जमलं तर जमलं.

आजचे फक्त मिठ्या मारतात, यावर एवढंच की फ्युरी-वाइल्डर तिसरी लढत बघा. पाच वेळा कुणी ना कुणी जमिनीवर होतं.

राहिला उसिक. सहा फूट तीन, डावखुरा, जोशुआला दोनदा, फ्युरीला दोनदा आणि ब्रिटिश हेवीवेट डॅनियल डुब्वाला दोनदा हरवलेला. त्याच्या पोटाबद्दल शंका आहे, २०२३ ला व्रोत्सवाफमध्ये डुब्वाच्या कमरेजवळच्या ठोशाने तो बराच वेळ आडवा होता, आणि बरगडीत हूक मारणारा टायसनसारखा दुसरा नव्हता. पण उसिक एका जागी उभाच राहत नाही. टायसन ज्या क्षणी आत शिरतो, त्या क्षणी हा बाजूला सरकलेला असतो, आणि सहाव्या फेरीनंतर त्याचा वेग वाढतो. टायसनचा नेमका तिथे कमी व्हायचा. माझा अंदाज, उसिक, दहाव्या फेरीच्या आसपास. तिघे एकाच रात्री वगैरे सोडा, या एकाशी लढल्यावर टायसनला दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला तरी पुष्कळ.