ऑपरेशनआधी मॉर्फीन बंद करू नका

कॅन्सर पेशंटच्या घरांत एक मेसेज फिरतोय: "ऑपरेशनच्या तीन दिवस आधी मॉर्फीनच्या गोळ्या, पॅच बंद करा, नाहीतर भूल देताना श्वास थांबतो. नंतर दुखलं तर रोजचंच औषध पुरे, वेगळं औषध मागू नका." मॉर्फीन म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध, आणि पॅच म्हणजे तशाच औषधाची कातडीला चिकटवायची पट्टी. मी भूलतज्ज्ञ आहे. याचे भोग पेशंटच्या वाट्याला येतात, म्हणून लिहितेय.

गेल्या पावसाळ्यात एक काका ओटीबाहेर (ऑपरेशन थिएटरबाहेर) स्ट्रेचरवर होते. जांभयांवर जांभया, नाकातून पाणी, हातावर काटा, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. सून म्हणाली, "उपाशी आहेत ना, म्हणून." उपासाचं नव्हतं ते. दोन दिवस गोळ्या बंद होत्या; दुखणं उसळलं होतं आणि वर विथड्रॉवल, म्हणजे सवयीचं औषध अचानक तुटल्याचा त्रास. आधी मॉर्फीन दिलं, केस दुपारवर ढकलली. रोजचा डोस सहसा ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायचा असतो. आधी डॉक्टरांना विचारून ठेवा. बारा तासांची गोळी मात्र चुरू नका, सगळं औषध एकदम अंगात जातं.

श्वासाची भीती खोटी नाही. पण पॅच आहे हे आम्हाला ठाऊकच नसेल, तर धोका खरा वाढतो. फेंटानिल या मॉर्फीनसारख्याच औषधाचा पॅच 72 तासांनी बदलतात. ओटीच्या दारात तो ओरबाडून काढला, तरी कातडीत साठलेलं औषध कितीतरी तास रक्तात उतरत राहतं. शिवाय उष्णतेने ते जास्त सुटतं, आणि ओटीत आम्ही पेशंटला गरम हवेचं पांघरूण घालतो. पॅच कुठे लावलाय ते सांगा, आम्ही ऊब तिथून दूर ठेवू.

ब्युप्रेनॉर्फिन हे मॉर्फीनच्याच जातीचं औषध पूर्वी डॉक्टरच आधी थांबवायला सांगत, हे खरं. आता बहुतेकदा चालूच ठेवतात. थांबवावं लागतं ते नाल्ट्रेक्सोन (व्यसन सोडवायला देतात ते औषध), कारण ते मॉर्फीनचा परिणामच अडवतं. कधी थांबवायचं ते डॉक्टर ठरवतील.

"वेगळं औषध मागू नका" हे तर मला सहनच होत नाही. रोजचा डोस जुन्या दुखण्यात खर्ची पडतो; टाक्यांचं दुखणं नवं असतं, आणि सरावलेल्या शरीराला औषध जास्तच लागतं. नर्व्ह ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन), पॅरासिटामॉल, केटामाइन, जादा मॉर्फीन, हे सगळं हाताशी असतं. फक्त पेंटाझोसिन या दुखण्यावरच्या औषधाचं इंजेक्शन नको. रोज मॉर्फीन घेणाऱ्याला ते काही मिनिटांत विथड्रॉवलमध्ये ढकलू शकतं. केसपेपरवर लाल शाईने लिहून घ्या.