फळवाटप झालं असेल तर थोडं बोलू

सोलापूरकरांना सेवेची हौस नाही असं कुणी म्हणालं तर त्याला कोजागरीच्या वेळी तुळजापूर रस्त्यावर नेऊन सोडा. रूपाभवानीच्या देवळापासून पुढचे 45 किलोमीटर चालणाऱ्याला उपाशी राहायचं म्हटलं तरी राहता येत नाही. चहा, केळी, चिवडा, मसाला दूध, पाय चेपून द्यायला बसलेली पोरं. नको म्हटलं तर वाटणाऱ्याचं तोंड उतरतं. मला हे सगळं मनापासून आवडतं, दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला पडलेले प्लास्टिकचे ग्लास सोडून.

माझं म्हणणं एवढंच, की आपण सेवा आपल्या सोयीच्या दिवशी करतो. सण, जयंती, वाढदिवस, वडिलांचं वर्षश्राद्ध. समोरच्याला नड कधी असते हे विचारायचं आपल्या डोक्यातच येत नाही. मग सरकारी दवाखान्याच्या एकाच वॉर्डात एकाच सकाळी तीन मंडळांची केळी येऊन पडतात आणि नंतर कितीतरी दिवस तिकडे कुणी फिरकत नाही.

रक्ताचंच घ्या. नेत्याचा वाढदिवस आला की एकाच दिवशी पेठेपेठेत मंडप. कुणी पाणी पिण्याचा जार देतो, कुणी हेल्मेट, आणि पोरं जिथली भेट चांगली तिथं जातात. पण रक्ताची पिशवी फ्रीजमध्ये ठेवली की वर्षभर टिकते असं समजणारे चांगले शिकलेले लोक मी बघितलेत. प्रत्यक्षात ते टिकतं साधारणपणे 35 दिवस, रक्त टिकवणारी काही द्रावणं वापरली तर 42. प्लेटलेट्स तर जेमतेम 5 दिवस. म्हणजे महिन्यातल्या एका दिवशी धो धो जमवलेलं रक्त पुढच्या टंचाईपर्यंत पुरतच नाही. आणि टंचाई कधी येते? एप्रिल-मेमध्ये. कॉलेजं बंद, पोरं गावाकडे, पारा बेचाळीस-त्रेचाळीसला, मंडपात बसायची कुणाची तयारी नाही. थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या लेकराला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच. त्याचे आईबाप भर उन्हात फोन करत फिरतात, आणि आपण त्यांचे मेसेज ग्रुपवर पुढे ढकलतो.

यावर उपाय अगदी रटाळ आहे, म्हणूनच तो कुणी करत नाही. मंडळातल्या पन्नास-साठ जणांनी एकाच दिवशी रक्त द्यायचं नाही. वहीत नावं लिहायची, महिने वाटून घ्यायचे, आणि आपला महिना आला की शांतपणे रक्तपेढीत जाऊन यायचं. पुरुषांना तीन महिन्यांनी देता येतं, बायकांना चार. वय 18 ते 65, वजन निदान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5. बायकांना बऱ्याचदा हिमोग्लोबिनवरून परत पाठवतात. त्यात अपमान वाटून घेऊ नका, तोच कागद घेऊन डॉक्टरकडे जा, तेवढाच स्वतःचा फायदा. बॅनर लागणार नाही, हे मान्य.

आता पाणी. उजनी धरण भरलं तरी आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, आणि ते रात्री येईल की पहाटे, याचा नेम नसतो. हे सोलापुरात राहणाऱ्याला सांगायला नको. पण गल्लीत एकटी राहणारी म्हातारी, दोघंही कामाला जाणारं जोडपं, बाळंतीण, यांच्या घरी पाणी कोण भरतं याकडे कधी लक्ष दिलंय का? आमच्या गल्लीत एक पद्धत आहे, कुणी ठरवलेली नाही, पडलेली आहे. पाणी आलं की जो जागा असेल तो शेजारच्या दोन दारांवर थाप मारतो. कुलूप असेल तर बाहेर ठेवलेली टाकी पाईप टाकून भरतो. बस. हार नाही, फोटो नाही.

आणि एक गोष्ट स्पष्टच बोलतो, राग आला तर येऊ द्या. नळाला थेट मोटार लावून पाणी ओढणाऱ्याने अन्नदान केलं काय आणि गणपतीला हजाराची पावती फाडली काय, मला त्याचं कौतुक नाही. लाईनच्या शेवटच्या घरात तेव्हा नुसती हवा येत असते. मोटार न लावणं ही या शहरातली पहिली सेवा आहे, आणि तिला एक रुपया लागत नाही. उलट वीजबिल वाचतं.

आमचा पूर्व भाग म्हणजे घराघरात विड्या वळणाऱ्या बायकांचा. पान आणि तंबाखू कारखान्यातून आणायची, घरी वळायचं, नेऊन द्यायचं. उभी हयात त्यात गेलेल्या बायकांना म्हातारपणी ईपीएसची, म्हणजे पीएफवाल्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन मिळते. 2014 साली ती किमान 1000 रुपये ठरली. आपल्याला ती रक्कम हसण्यासारखी वाटते, पण तिच्यावर गोळ्या-औषधं चालतात. ती चालू राहायची तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. नाही दिला की पेन्शन बंद. आणि गंमत बघा, विड्या वळून-वळून बोटं इतकी गुळगुळीत झालेली असतात की मशीनवर ठसाच उमटत नाही. मग रिक्षा करून इकडे जा, तिकडे जा, कुणालातरी वरचे पैसे दे.

हे काम आता मोबाईलवर घरबसल्या होतं. जीवन प्रमाण हे हयातीच्या दाखल्याचं सरकारी ॲप आणि आधारचं चेहरा ओळखणारं ॲप, दोन्ही फुकट. आधार क्रमांक, पीपीओ क्रमांक (पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा) आणि बँकेचं पासबुक जवळ असलं की चेहरा दाखवून दाखला निघतो. एकाच मोबाईलवरून आख्ख्या चाळीचे निघतात. आमच्या शेजारच्या आज्जींचा काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "अय्यो, ठसा नको? नुसतं तोंड बघून पैसे देतात?" मी म्हटलं, "हो अम्मा, फक्त पापण्या मिटा-उघडा." त्यांनी आधी जाऊन तोंड धुतलं, कुंकू लावलं, मग बसल्या. नंतर तासाभरात दारात चार जणी, प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. मोबाईल हातात घेऊन दिवसभर रील्स बघणारी पोरं घरोघरी आहेत. त्यांना एका रविवारी एवढं शिकवलं तर गल्ली निभते.

दुसरं असंच एक काम, जे सोलापूरकराइतकं चांगलं कुणाला जमणार नाही. आपल्या सिव्हिलला, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्याला, नुसते सोलापूरचे पेशंट येत नाहीत. धाराशिवकडचे येतात, तसे कलबुर्गी-विजयपूर बाजूचेही. आजारी माणूस आणि सोबत एक घाबरलेला नातेवाईक, ज्याला फक्त कन्नड येतं. केसपेपर कुठे, एक्स-रे कुठे, कुठल्या खिडकीवर काय मागतात, काही कळत नाही. आपण मात्र घरात एक भाषा, शेजारी दुसरी आणि बाजारात तिसरी बोलत मोठे झालो. आठवड्यातून एक सकाळ तिथं उभं राहून "यल्लि होगबेकु?" (कुठं जायचंय?) एवढं कन्नडमध्ये विचारलं तरी समोरच्याच्या जिवात जीव येतो. मी हे एका निवृत्त मास्तरांकडून शिकलो. ते केळी नेत नाहीत, त्यांच्या खिशात पेन आणि चष्मा असतो, फॉर्म भरायला.

भाषणात आपण डॉ. कोटणीसांचं नाव हमखास घेतो. आपल्या गावात जन्मलेले, 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, 1942 मध्ये वयाच्या 32व्या वर्षी तिथंच वारले. मला त्यांच्या जाण्यापेक्षा राहण्याचं जास्त वाटतं. पथकातले काहीजण परत आले, हे थांबले. तिथल्या जखमी सैनिकांना लागणारे दिवस यांनी दिले.

क्षयाच्या पेशंटचं तसंच आहे. साधा टीबी असला तरी सहा महिने गोळ्या. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि खाण्यासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात. पण दोन महिन्यांत खोकला थांबतो, माणसाला बरं वाटतं, कारखान्याची पाळी चुकते म्हणून तो गोळ्या सोडतो, आणि मग आजार औषधाला दाद देईनासा होतो. निक्षय मित्र, म्हणजे क्षयाच्या पेशंटला मदत करणारा, म्हणून सरकारकडे नाव नोंदवून तुम्ही त्याला डाळ, शेंगदाणे, तेल देऊ शकता, जरूर द्या. पण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्याच्या दारात जाऊन "गोळी झाली का?" विचारणारा माणूस त्या पिशवीपेक्षा दुर्मिळ आहे.

आता नेहमीचा प्रश्न येणार, की हे सगळं सरकारचं आणि महापालिकेचं काम आहे, आम्ही का करायचं. बरोबर आहे. पाण्यासाठी भांडायलाच पाहिजे, मीही झोन ऑफिसात तक्रारी देतो. पण भांडणाचा निकाल लागेपर्यंत आज्जींची पेन्शन थांबते, त्याचं काय?

दाखल्याचं काम करणाऱ्यांनी मात्र एक पथ्य पाळा. कुणाचे मूळ कागद घरी आणायचे नाहीत, ओटीपी त्यांच्यासमोरच टाकायचा, खात्यात किती पैसे आहेत ते विचारायचं नाही, आणि चहाशिवाय काही घ्यायचं नाही. गरीब माणूस मोबाईलवाल्याकडून इतक्यांदा फसलेला असतो की तो पहिल्यांदा आपल्याकडेही संशयानेच बघतो. बघू द्या.

ॲप कसं चालवायचं हे ज्याला शिकायचं असेल त्याने मला मेसेज करावा, मी घरी येऊन दाखवतो. पाण्याचा दिवस सोडून कधीही.